माशांना मत नसते

मुलांनो, साग आणि ऐनाच्या एका दाट रानात, डोंगराच्या कुशीत एक झरा होता. त्या झऱ्याजवळच्या करवंदीच्या जाळीत एक रानडुकरीण आपल्या पिल्लांसह राहत असे. दिसायला ती देखणी नव्हती. अंगभर चिखल, राठ केस आणि बोलणे असे फटकळ, की ऐकणाऱ्याने दोन पावले मागे सरावे. पण माघ महिना लागला की झऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ नाकाडाने उपसायला सर्वांत आधी तीच उतरे. तिला पाहून इतर रानडुकरे येत, साळिंदरे येत, आणि चार दिवसांत पाणवठा मोकळा होई. म्हणूनच त्या रानातले पाणी भर वैशाखातही आटत नसे.

पाणवठा भरला की जादा पाणी कडेच्या सांडव्यातून बाहेर पडे आणि खडकांवरून उतरत दोनशे पावलांवरच्या एका डोहात जाई. डोहात मासोळ्या होत्या, झिंगे होते, बेडकांची पिल्ले होती आणि एक म्हातारी कासवीण होती. वरचे प्राणी सहसा तिकडे फिरकत नसत. त्यांचे खाली काही काम नसे.

पाणवठ्याला एक कारभारी असे. कुणी कोणत्या वेळी पाण्यावर यायचे, गाळ कधी काढायचा, वणवा दिसला तर हाळी कुणी द्यायची, हे सगळे त्याने पाहायचे. तीन वर्षांपूर्वी प्राण्यांनी हे काम एका सांबराला दिले होते. भरदार शिंगांचा, मऊ आवाजाचा, सर्वांना नावानिशी ओळखणारा असा तो सांबर होता. त्याचे नाव पहिल्यांदा पुढे केले ते या रानडुकरिणीनेच. त्याला कारणही तसेच होते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रानाला वणवा लागला, तेव्हा तिची पाच पिल्ले धुरात अडकली होती. सगळे जीव घेऊन पळत असताना हाच सांबर धुरात शिरला आणि शिंगांनी ढकलत ढकलत पाचही पिल्ले त्याने ओढ्यापर्यंत आणली. तेव्हापासून ती त्याला 'दादा' म्हणे. त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तर ती अंगावर धावून जाई.

पहिली दोन वर्षे सांबराने कारभार चांगला केला. गाळ काढताना तो स्वतः चिखलात उभा राही. मग तिसऱ्या वर्षी पठारावरच्या मोठ्या सभेची निवडणूक जाहीर झाली आणि सगळेच बदलले.

ही सभा सगळ्या डोंगरांची होती. कोणते कुरण कुणाला, वणवा अडवायला जाळपट्टा कुठे काढायचा, शिकाऱ्यांची चाहूल लागली तर कुणी कुठे जायचे, असे मोठे निर्णय तिथे होत. एकेका दरीतले बारा पाणवठे मिळून एक सभासद निवडून देत. मतदानाची रीत साधी होती. ठरलेल्या दिवशी पठारावर चढून जायचे आणि आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या झाडाखाली एक खडा टाकायचा. ज्याला पठार चढता येते त्याला मत. जो निवडून येई, त्याला पठारावरच्या हिरव्या कुरणात बारा महिने चरण्याचा मान मिळे.

सांबराच्या मनात ते कुरण भरले. त्याने उमेदवारी जाहीर केली. समोर उभा होता दरीच्या दुसऱ्या टोकाचा एक गवा. तो स्वभावाने गरीब आणि बोलायला अगदी कच्चा होता, त्यामुळे सांबराला विजय हातात आल्यासारखाच वाटू लागला. प्रचारासाठी त्याने एक कोतवाल पक्षी धरला. हा काळा, लांब शेपटीचा पक्षी कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करण्यात पटाईत असतो. हा कोतवाल बारा पाणवठ्यांवर फिरून सांगू लागला, "आमच्या कारभाऱ्यांनी एका झऱ्याचं नंदनवन केलं. उद्या ते सगळ्या दरीचं करतील."

माघ लागला, तेव्हा रानडुकरीण सवयीप्रमाणे सांबराकडे गेली. "दादा, गाळ काढायला कधी उतरायचं?"

"या वर्षी नको," सांबर म्हणाला. "सगळ्यांना मी प्रचाराला लावलंय. गाळ काय, पुढच्या वर्षीही निघेल."

"पण झऱ्याचं तोंड निम्मं बुजलंय."

"तू फार काळजी करतेस. मी आहे ना?"

तिने मान हलवली आणि ती परत आली. दादा म्हणतो म्हणजे त्याने विचार केला असेल, असे तिला वाटले. माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. पाणवठ्यात तळापासून चिखल चढत गेला आणि वर वीतभर पाणी उरले.

आता सांबराला घाई झाली. मतदानाच्या चार दिवस आधी बारा पाणवठ्यांचे प्राणी त्याच्या पाणवठ्यावर मेळाव्याला येणार होते. ज्या नंदनवनाची जाहिरात केली, ते नंदनवन त्यांना दाखवायचे होते. मेळाव्याच्या आठ दिवस आधी तो स्वतःच करवंदीच्या जाळीशी आला.

"बाई, एक काम होतं. सांडव्यातून पाणी उगाच वाहून जातंय. दोन दिवस तेवढा बांध घाल. आपली लेकरं तहानलेली राहायला नकोत."

तहानलेली लेकरे म्हटल्यावर रानडुकरिणीने पुढे काही विचारले नाही. तिने नाकाडाने दगड लोटले, फटींत चिकणमाती भरली, वरून पायांनी माती दाबली. सायंकाळपर्यंत सांडवा बंद झाला. दोन दिवसांत पाणी चढले आणि पाणवठा काठोकाठ भरल्यासारखा दिसू लागला. खालचा चिखल पाण्याखाली झाकला गेला. सांबराने तिचे सर्वांसमोर कौतुक केले. दोन दिवसांचे चार झाले, चारांचे आठ झाले, आणि बांध तसाच राहिला. रानडुकरिणीला एकदा आठवण झाली होती. पण तिने स्वतःशीच म्हटले, दादा सांगेल तेव्हा काढू.

मेळाव्याचा दिवस उजाडला. सकाळपासून भेकरे, ससे, रानगाई, माकडे, मोर असे सगळे पाणवठ्याकडे येऊ लागले. रानडुकरीण त्यांच्या स्वागताला निघाली होती, तोच तिला वाटेत कासवीण दिसली. कासविणीच्या पाठीवर सुकलेला चिखल होता आणि पाय खडकांवर घासून सोलले होते.

"मावशी, तू इथे कशी?"

"काल दुपारी निघाले," कासवीण म्हणाली. तिला धाप लागली होती. "वर काय झालंय ते बघायला आले. पाणी का येत नाही?"

रानडुकरिणीला आपण घातलेला बांध आठवला. ती तशीच उतार उतरून खाली धावली. डोहाजवळ पोचण्याआधीच तिला वास आला.

मुलांनो, तिथे तिने जे पाहिले ते सांगताना माझाही संताप होतो. डोहाचा तळ भेगाळला होता. कडेच्या भेगांमध्ये शेकडो मासोळ्या वाळून पडल्या होत्या. मधोमध खड्ड्यात ओंजळभर गढूळ पाणी उरले होते आणि उरलेल्या मासोळ्या एकमेकींवर चढून त्यात तोंडे उघडझाप करत होत्या. बेडकांची पिल्ले, ज्यांना अजून पायही फुटले नव्हते, ती चिखलावर काळ्या ठिपक्यांसारखी चिकटली होती. रानडुकरिणीने आपल्या नाकाडाकडे पाहिले. त्याच नाकाडाने तिने तो बांध घातला होता.

ती वर आली तेव्हा सांबर पिंपळाखाली उभा होता. कोतवाल फांदीवर बसून त्याला भाषण आठवून देत होता. मेळावा सुरू व्हायला थोडाच वेळ होता.

"दादा, बांध काढायला हवा. आत्ता," ती म्हणाली.

"आज? आज कसा काढणार?" सांबर हसला. "आज तर पाहुणे आलेत."

"खाली डोह आटलाय. मासे मेलेत. जे उरलेत ते संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत."

सांबराने इकडे तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे बघ, मला माहीत आहे."

रानडुकरिणीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "तुला माहीत आहे?"

"कोतवालाने परवाच सांगितलं. पण आता चारच दिवस राहिलेत. मतदान झालं की मी स्वतः बांध काढतो. एकदा पठारावर गेलो की असे दहा डोह बांधून देईन."

"चार दिवसांत तिथे एकही जीव उरणार नाही."

"मग काय करू?" सांबर चिडून म्हणाला. "त्या माशांसाठी ही सगळी दरी हातची घालवू? माशांना मत नसतं, बाई. हे आलेत त्यांना असतं."

हे त्याने इतक्या सहज म्हटले, जणू आज ऊन आहे असेच सांगत होता. रानडुकरिणीच्या अंगावरचे केस ताठ झाले. तिचे डोळे पाहून सांबर जरा नरमला आणि जवळ येऊन म्हणाला, "तुला वणवा आठवतो का? तुझी पाच पिल्लं मी बाहेर काढली. मी कधी त्याचं काही मागितलं? आज पहिल्यांदा मागतोय. फक्त गप्प राहा."

रानडुकरीण खरोखरच गप्प राहिली. जाळीकडे पाहिले तर तिची पाच पिल्ले, आता चांगली थोराड झालेली, पाहुण्यांमध्ये हुंदडत होती. ती जिवंत होती ती या सांबरामुळे, यात खोटे काहीच नव्हते. ती मागे वळली आणि गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

कोतवालाने साद घातली आणि सांबराचे भाषण सुरू झाले. "बंधूंनो, हे पाणी पाहा. वैशाख आला तरी काठोकाठ. तीन वर्षं मी या झऱ्यासाठी रक्ताचं पाणी केलं. इथला लहानातला लहान जीव माझ्या राज्यात तहानलेला राहिला नाही."

रानडुकरिणीने इथवर ऐकले आणि तिच्या मनात काहीतरी तुटले. वणव्यात ज्याने पिल्ले वाचवली तो सांबर निराळा होता. त्या दिवशी त्याने पिल्लांना मत आहे की नाही ते विचारले नव्हते. आणि समोर उभा असलेला हा सांबर त्या उपकाराच्या बदल्यात दुसऱ्यांची पिल्ले मागत होता. दुसऱ्यांची पिल्ले द्यायला ती कोण?

ती गर्दीतून वाट काढत थेट सांडव्यापाशी गेली आणि तिने बांधाला नाकाड लावले. पहिला दगड घरंगळला. मग दुसरा. गर्दीत कुजबुज झाली. सांबर बोलता बोलता थांबला.

तेवढ्यात झाडावरून माकडाची ओरड आली. वाघ दिसला की माकडे देतात तीच इशाऱ्याची ओरड. सगळा मेळावा दचकला. ससे उधळले, भेकरे वळली, मोर फडफडत उडाले. पण रानडुकरीण जागची हलली नाही. तिला वाटले की वाघ खरेच आला असेल, तर येऊ दे. तिने आणखी जोरात माती उकरली.

तिला पाहून एक म्हातारे भेकर पळता पळता थांबले. "अरे, हिची पिल्लं इथे उघड्यावर आहेत आणि ही पळत नाही," ते म्हणाले. मग माकडांनीही एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यापैकी कुणीच ओरडले नव्हते. सगळ्यांच्या माना हळूहळू पिंपळाच्या फांदीकडे वळल्या. तिथे कोतवाल बसला होता आणि त्याची चोच अजून उघडी होती.

"बाई, थांब," असे म्हणत सांबर तिला अडवायला धावला. जवळची वाट म्हणून तो सरळ पाण्यातून निघाला. पण त्या काठोकाठ दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ होता. चार पावलांतच तो छातीपर्यंत रुतला. नेमका त्याच वेळी बांधाचा शेवटचा दगड निसटला आणि पाणी धाडकन सांडव्यातून खाली धावले. पाणवठ्यातली पातळी सर्वांच्या डोळ्यांदेखत उतरत गेली. ज्या पाण्याकडे पाहून पाहुणे थक्क झाले होते, त्याच्या जागी काळा चिखल उरला, आणि त्या चिखलात रुतलेले उमेदवार.

"हिने केलं हे," सांबर ओरडला. "या डुकरिणीने तुमचं पाणी सांडलं."

"हो," रानडुकरीण म्हणाली. तिला धाप लागली होती आणि नाकाडातून रक्त येत होते. "पाणी मी सांडलं. आठ दिवसांपूर्वी हा बांधही मीच घातला. मला सांगितलं दोन दिवस, आणि मी नंतर विचारलं नाही. हा माझा दोष. पण कारभाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. तुम्हाला वर पाणी दाखवायचं म्हणून यांनी खालच्या जिवांना मरू दिलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोनशे पावलं खाली जा आणि बघा."

वणव्यानंतर पहिल्यांदाच तिने त्याला 'दादा' म्हटले नाही.

काही प्राणी गेले, काही गेले नाहीत. एक रानगाय म्हणाली, "ऊन फार आहे." दोन ससे म्हणाले, "दोनचार मासे मेले तर त्यात एवढं काय?" हेही सांगायलाच हवे, मुलांनो, कारण असे म्हणणारे प्रत्येक रानात असतात आणि त्यांना स्वतःची लाज वाटत नाही. पण जे खाली जाऊन आले ते वर येताना कुणाशी बोलले नाहीत. म्हातारे भेकर तर तसेच आपल्या पाणवठ्याकडे चालते झाले.

सांबराला चिखलातून बाहेर काढायला संध्याकाळ झाली. त्याला बाहेर काढले ते रानडुकरांनीच, आणि त्यांत ती रानडुकरीणही होती. काठावर आल्यावर तो अंग झटकत तिला म्हणाला, "तू माझं वाटोळं केलंस. एवढे उपकार विसरलीस?"

"विसरले नाही," ती म्हणाली. "माझा जीव मागितला असता तर दिला असता. तुम्ही त्यांचा मागितलात. तो माझा नव्हता."

चार दिवसांनी पठारावर मतदान झाले. सांबराच्या झाडाखाली तरीही बरेच खडे पडले. गव्याच्या झाडाखाली त्याहून थोडे जास्त पडले आणि गवा निवडून आला. सभेत त्याला धड भाषण करता आले नाही. तो एवढेच म्हणाला, "ज्यांना पठार चढता येत नाही, त्यांचं मत घ्यायला आपण खाली उतरू या. हा माझा पहिला ठराव." त्यावर सभेत मोठा वाद झाला. ठराव लगेच मंजूर झाला नाही. तीन सभा गेल्या, तेव्हा कुठे झाला.

पाणवठ्यावर नवा कारभारी नेमायची वेळ आली, तेव्हा सर्वांनी रानडुकरिणीकडे पाहिले. तिने नकार दिला. "बांध घालताना मी विचारलं नाही की पाणी कुठे जायचं थांबणार," ती म्हणाली. "जो विचारेल त्याला करा." मग ते काम एका साळिंदराला मिळाले. ते चिडखोर होते, सतत प्रश्न विचारून सर्वांना भंडावून सोडी, पण गाळ वेळेवर निघू लागला.

डोह पुन्हा भरला. वाचलेल्या मासोळ्यांची पुढच्या पावसाळ्यात पिल्ले झाली. रानडुकरीण अधूनमधून खाली जाई. पण तिची सावली पाण्यावर पडली की सगळ्या मासोळ्या झटकन खडकाखाली लपत. कासवीण एकदा म्हणाली, "त्यांना सांगू का, की बांध फोडलाही तूच?"

"नको," रानडुकरीण म्हणाली. "घातला मी, तेही खरंच आहे."

आणि ती पाण्यापासून चार हात लांब, जिथून तिची सावली डोहावर पडणार नाही अशा जागी जाऊन बसली.

तात्पर्य : ज्यांना मत नाही त्यांच्याशी एखादा कसा वागतो ते पाहूनच त्याला आपले मत द्यावे, आणि कुणाचे उपकार कितीही मोठे असले, तरी त्यांची फेड तिसऱ्याच्या जिवाने करू नये.